दस्तीखालची पाच वर्षं

कुंभार पिंपळगावात एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बातमी उठली, की सांडू दलाल प्यायला लागला.

बातमीला साक्षीदार भरपूर होते. भर बाजारात, बैलांच्या दावणीसमोर, काकासाहेबांच्या लालकंधारी जोडीचा सौदा लावता लावता सांडूबा डावीकडे कलला, कलत कलत पुढं गेला आणि एका म्हशीच्या पोटावर जाऊन टेकला. म्हैस गरीब होती, तिनं सांभाळून घेतलं. बाजारातली माणसं तेवढी गरीब नव्हती. त्रिंबक हा त्याच बाजारातला दुसरा दलाल. सांडूबाचा लहानपणापासूनचा दोस्त आणि धंद्यातला वैरी, दोन्ही. त्यानं तिथंच जाहीर करून टाकलं, "आज पहाटंपासूनच लावलेली दिसती." दिवस मावळायच्या आत ही बातमी चहाच्या टपरीवरून पिठाच्या गिरणीत आणि गिरणीतून पिठासोबत घरोघर पोचली.

खरं सांगायचं तर गावाला बरंच वाटलं. सौदा पटल्यावर बाकीचे दलाल गिऱ्हाइकाच्या खर्चानं हॉटेलाच्या मागं बसायचे, तेव्हा हा गृहस्थ पुडीत भजी बांधून घरी लेकीला न्यायचा. अशा माणसाचं पाऊल एकदा तरी वाकडं पडावं, ही गल्लीची जुनी इच्छा होती. तब्येत विचारायच्या निमित्तानं दोघंतिघं अगदी नाकाजवळ जाऊन आले. तंबाखूचा वास आला, चुन्याचा आला, तिसरा कसलाच आला नाही. गल्ली आधी हिरमुसली आणि मग जरा घाबरली. बिनदारूचा माणूस झिंगतो म्हणजे काय?

बायकोला, सखूबाईला, हे आधीपासून माहीत होतं. सकाळी उठलं की सांडूबाचं डोकं ठणकायचं, मागून, मानेच्या वर. मग भडभडून ओकारी व्हायची आणि ओकारी झाली की जरा हलकं वाटायचं. सखूबाईनं पित्त धरलं, लिंबू झालं, आवळा झाला, कोकम झालं. पुढं भिंतीचा आधार घेतल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना. तालुक्याच्या डॉक्टरानं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि औरंगाबादला पाठवलं. तिथं मोठ्या मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो काढला. फोटो उजेडाला धरल्यावर मागच्या बाजूला, मेंदूच्या पार तळाशी, लिंबाएवढी पांढरी गाठ दिसली.

"इथं हात लावण्यासारखं न्हाई," औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले. "मुंबईला न्या. आणि जल्दी न्या."

आता इथं सांडूबाच्या धंद्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच निघतो. त्याचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. सांडूबानं मेंढरं सोडली आणि बैलांच्या बाजारात दलाली धरली. आपल्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वरून दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकतात आणि दस्तीखाली बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, आणि सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते जनावर बघून ज्यानं त्यानं समजायचं. आजूबाजूला गर्दी उभी असते, पण भाव दोघांनाच ठाऊक. पंजा घट्ट धरून ठेवला म्हणजे शेवटचा भाव, आता खालीवर नाही. हात सोडला की सौदा पक्का. पक्का झालेला भाव दलालानं कुणाला सांगायचा नाही, आणि समोरच्याला पुन्हा विचारायचा तर मुळीच नाही. सांडूबानं आयुष्यात हा नियम मोडला नव्हता. त्रिंबकचं जरा सैल होतं. त्यानं एकदा एका म्हाताऱ्या पांढऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून तो तरणा म्हणून परतूरकडच्या माणसाला विकला होता. पण तो इतिहास नंतर.

मनमाडला गाडी बदलून सांडूबा, सखूबाई आणि तिचा भाऊ मच्छिंद्र मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचले. अकरा वर्षांची बेबीनंदा, त्यांची एकुलती एक लेक, मागं आजीजवळ राहिली. जाताना तिला सांगितलं होतं, की बाबा बैल बघायला चालले.

हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे. त्यांनी सांडूबाला फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. तो रेघ सोडून पार खिडकीकडं गेला. मग म्हणाले, बोट आपल्या नाकाला लावा, मग माझ्या बोटाला. सांडूबाचं बोट नाकाऐवजी गालाला लागलं. हे सगळं तो खाली मान घालून करत होता. पोटच्या पोरीनं पाहिलं असतं तर हसली असती, असं त्याला वाटत राहिलं. शेवटी डॉक्टरांनी आपल्या दोन्ही हातांची दोन दोन बोटं पुढं केली.

"दाबा. जोरात."

सांडूबानं मान वर केली. त्यानं डॉक्टरांकडं नीट पाहिलं, बोटांकडं पाहिलं, आणि दाबली.

"छान. आता एकच दाबा."

एक दाबलं. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून तो मच्छिंद्रला म्हणाला, "माणूस आपल्या लाईनीतला हाय."

"कोन?"

"डाक्टर. बोटाचा भाव समजतो."

मच्छिंद्र म्हणाला, "दाजी, ते हातात जोर किती हाय ते बघून राह्यले."

"आम्ही बी तेच बघतो," सांडूबा म्हणाला.

डॉक्टरांनी गाठीचं सगळं नीट समजावून सांगितलं. मेंदूत पाणी असतं, ते एका वाटेनं खाली वाहतं, आणि गाठ नेमकी त्या वाटेत बसली आहे. पाणी तुंबतं म्हणून डोकं ठणकतं, तोल सांभाळणारा भाग दबतो म्हणून पाय वाकडे पडतात. गाठ काढावी लागेल. ती जिथं आहे तिथूनच श्वास चालतो, छाती चालते, म्हणून काम नाजूक आहे. सखूबाईनं एकच विचारलं, "न्हाई काढली तर?" डॉक्टरांनी उत्तर दिलं, तेही स्पष्ट दिलं. ते ऐकून तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांडूबाचं डोकं भादरलं. संध्याकाळी डॉक्टर वॉर्डात आले. मागं शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, पायथ्याशी सखूबाई. सांडूबाच्या मनात दोन दिवसांपासून एकच प्रश्न बसलेला होता, की किती वर्षं मिळतील. लेक लहान आहे, तेवढं समजलं की पुढचं लावून घेता येईल. पण हा प्रश्न बायकोसमोर तोंडानं कसा विचारायचा? आणि डॉक्टरांनी तोंडानं उत्तर दिलं तर तिनं ते कसं ऐकायचं?

डॉक्टर जवळ आले तसा त्यानं त्यांचा हात धरला, खांद्यावरची दस्ती काढली आणि दोघांच्या हातांवर टाकली.

"साहेब, बोलू नका. हातानंच सांगा."

शिकाऊ पोरं एकमेकांकडं बघायला लागली. डॉक्टरांनी दस्तीखाली सांडूबाचा अख्खा पंजा हातात घेतला आणि घट्ट धरला. धरून ठेवला. मग सोडला.

सांडूबानं दस्ती झटकून पुन्हा खांद्यावर टाकली. "बराबर हाय," तो म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर सखूबाई म्हणाली, "काय बराबर हाय?"

"ठरलं."

"काय ठरलं?"

"ठरलं ना. झोप आता."

पाच. घट्ट धरून, शेवटचा भाव. त्या रात्री सांडूबा गाढ झोपला, असं सखूबाई सांगते. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आत नेलेला माणूस दिवेलागणीला बाहेर आला. गाठ जवळजवळ सगळी निघाली होती. एक पातळ पापुद्रा मेंदूच्या खोडाला चिकटून राहिला, तो ओढला असता तर माणूस हाती लागला नसता, म्हणून डॉक्टरांनी हात आवरता घेतला. शुद्धीवर आल्यावर सांडूबाला सगळं दोन दोन दिसायला लागलं. पलंगाशी दोन सखूबाई बसल्या होत्या. घसा कोरडा, जीभ जड, तरी म्हणाला, "एकीचंच ऐकणं होत न्हवतं, आता दोघी." सखूबाई हसता हसता रडली आणि मग नर्सनं तिला बाहेर काढलं.

गाठीचा तुकडा तपासून आला. नाव निघालं इपेंडायमोमा. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसात ही फार क्वचित सापडते, आम्हीसुद्धा वर्षात एखादी बघतो. पुढं गावी आल्यावर या क्वचितचं जे झालं ते विचारू नका. साऱ्या जिल्ह्यात असली गाठ एकट्या सांडूबाला, अशी गावानं छाती फुगवून जाहिरात केली. भोकरदनच्या कुणालातरी डोक्यात गाठ निघाली असं कळलं तेव्हा आपले लोक म्हणाले, "असंल. पन ती साधी असंल."

राहिलेल्या पापुद्र्यासाठी किरणांचा शेक द्यायचा होता. दीड महिना, रविवार सोडून रोज. तिघं हॉस्पिटलाजवळच्या धर्मशाळेत राहिले. सखूबाई स्टोव्हवर भाकरी थापायची आणि मुंबईच्या पिठाला शिव्या द्यायची. पहिल्या दिवशी शेक देणाऱ्या माणसानं सांडूबाच्या भादरलेल्या डोक्यावर पट्टी धरून जांभळ्या शाईनं रेघा मारल्या आणि बजावलं, "धुवायच्या नाहीत. पुसल्या तर सगळं पुन्हा मोजावं लागेल."

आता बाजारात काय करतात? बैल विकला गेला की त्याच्या पाठीवर गुलाल टाकतात. गुलाल पडला म्हणजे हा माल गेला, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सांडूबानं आरशात त्या जांभळ्या रेघा पाहिल्या आणि त्याच्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली. भाव ठरला, हात सुटला, खूण पडली. सौदा रीतीप्रमाणं पार पडला होता. तो त्या रेघांना इतका जपायचा की दीड महिना डोक्याला पाणी लागू दिलं नाही. धर्मशाळेतल्या बायका म्हणायच्या, बाबांचं व्रत मोठं कडक दिसतं. कशाचं व्रत, ते त्यांना कुठं ठाऊक?

शेकाच्या खोलीचं दार जाड. आत सांडूबाला पालथं निजवून सगळे बाहेर जायचे, मग मशीन गुंगुं करायचं. दुखायचं काहीच नाही. पण आठवड्याभरात तोंडाची चव गेली, अन्न लोखंडासारखं लागायला लागलं, आणि जिना चढला की दिवसभर झोप यायची. मच्छिंद्र चिडवायचा, "दाजी, आरामात पडायला मिळतंय तर थकता कामून?"

"तू पड बरं एकदा," सांडूबा म्हणायचा. "घरात येकटं कोंडून सगळे पळून गेल्यावर कसं वाटतं, मंग सांग."

पोळ्याच्या आधी तो गावी आला. हातात काठी, डोक्याच्या मागं मोठा व्रण, आणि व्रणाभोवती गोल टक्कल. ते केस पुन्हा आले नाहीत. त्याला स्टँडवर घ्यायला निम्मं गाव गेलं होतं, त्रिंबकसुद्धा. त्रिंबकनं काठी पाहिली आणि म्हणाला, "आता खरंच पी, सांडू. तशी बी शंका हायच." सांडूबानं त्याला काठीचं टोक दाखवलं. वर्षभरात काठी सुटली आणि तो पुन्हा दावणीत उभा राहिला. तोल जरा डावीकडे राहिला तो राहिलाच. त्याच्या डाव्या बाजूला उभं राहणारा माणूस आजही जरा अंतर ठेवून उभा राहतो.

दस्तीखाली काय ठरलं, ते गावाला मच्छिंद्रकडून कळलं. म्हणजे ठरलं एवढंच कळलं, किती ते नाही. झालं. गिरणीत वीस वर्षं, टपरीवर दोन, गल्लीतल्या झुंबरबाईच्या ओट्यावर तर डॉक्टरनं एकच बोट दाबलं असं ठरून लोकांनी हळहळूनही घेतलं. सांडूबा कुणाला काही बोलला नाही. दर वर्षी तपासणीला मुंबईला जायचा, फोटो काढायचा, डॉक्टरांना नमस्कार करायचा आणि परत यायचा. पक्का झालेला भाव पुन्हा विचारायचा नसतो.

मात्र कुणाचं डोकं दुखलं की तो लगेच म्हणायचा, "फोटो काढ. सकाळची ओकारी होती का? मंग जल्दी काढ." त्याच्या या सांगण्यामुळं गावातल्या बऱ्याच निरोगी डोक्यांचे फोटो निघाले. त्रिंबकचाही निघाला. "काहीच न्हाई निघालं," त्रिंबक म्हणाला. सांडूबा म्हणाला, "ते आम्हाला आधीच म्हाईत होतं."

वरून असा हसतखेळत होता, पण आत तो दिवस उरकत होता. पहिल्या वर्षी घरावरचे पत्रे बदलले. पुढच्या वर्षी विहिरीचं काम हातावेगळं केलं. सखूबाईला वाटायचं, मरणाच्या दारातून आलेला माणूस आहे, हुरूप आला असेल. शहाण्णव साल उजाडलं तशी त्याची घाई वाढली आणि एक दिवस तो बाजारातून आला तो सरळ सांगतच, "जांबचं स्थळ आलंय. पोराकडं ट्रॅक्टर हाय, बागायत हाय. या उन्हाळ्यात बार उडवून टाकू."

बेबीनंदा तेव्हा सोळा वर्षांची होती. मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. ती ओसरीत भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. तिनं पुस्तक मिटलं नाही, पण पानही उलटलं नाही.

"कुणाचा बार?" सखूबाईनं विचारलं.

"बेबीचा."

"पोरगी सोळाची हाय. सरकार बी अठरा म्हंतं."

"सरकारला काय करायचंय? सगळेच करतेत."

"आन् तिची शाळा?"

"दहावी होऊ दे ना. मी कुठं न्हाई म्हनलो."

सखूबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "तुमी कधी जनावराच्या सौद्यात बी एवढी घाई केली न्हाई. पोरीच्या सौद्यात कामून करून राह्यले?"

सांडूबा उठायला लागला. ती उठली नाही, त्यालाही उठू दिलं नाही. जेवण नाही, चहा नाही, दोघं चुलीपुढं समोरासमोर. गल्लीतल्या दोन घरांनी त्या दिवशी आपापले रेडिओ बंद ठेवले होते, कारण भिंत एकच आहे. शेवटी सांडूबानं जन्मात पहिल्यांदा ठरलेला भाव सांगितला.

"पाच वर्षंच ठरली व्हती. पावसाळ्यात पुरी व्हतेत."

"कुनी ठरवली?"

"डाक्टरनं. दस्तीखाली. पंजा दाबला व्हता, घट्ट."

पाच वर्षं हा माणूस शेजारी बसून मोजत होता आणि सखूबाईला वाटत होतं की हुरूप आला. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. "मुंबईला चला," ती म्हणाली. "तपासनीची तारीख पुढच्या महिन्यात हाय ना? मी येते. आन् जांबवाल्यांना तोवर थांबवा."

"पक्का भाव पुन्हा इचारायचा नसतो, सखू."

"तुमी नका इचारू. मी काय दलाल हाय का?"

पुढच्या महिन्यात नवरा-बायको डॉक्टरांसमोर बसले. फोटो उजेडाला लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ आहे. पापुद्रा होता तिथं काही वाढ नाही." सांडूबा मान डोलावून उठायला लागला. सखूबाईनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, दस्ती, पंजा, पाच वर्षं, जांबचा ट्रॅक्टर, भूमितीचं पुस्तक, सगळं.

डॉक्टर आधी हसले. मग सांडूबाचा चेहरा पाहून हसायचे थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पण मला ही तुमची बोटांची भाषा येतच नाही," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्ही घाबरला आहात. मी नुसता तुमचा हात धरला होता."

"पन पहिल्या दिवशी तुमी बोटं दाबाया लावली व्हती," सांडूबा म्हणाला.

"ती हातातली ताकद बघायला. सगळ्यांनाच लावतो."

खोलीत पंखा फिरत होता. सांडूबा स्वतःच्या पंजाकडं बघत बसला. ज्याला हात कळत नाही त्याच्याशी केलेला सौदा बाजारात धरत नाहीत, मोडीत निघतो. म्हणजे पाच वर्षं तो ज्या भावावर जगला तो भाव नव्हताच.

"मंग आता भाव काय?" त्यानं शेवटी विचारलं.

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. आज फोटो चांगला आहे. पुढच्या वर्षी या, पुन्हा बघू." मग कुतूहलानं त्यांनी हात पुढं केला. "ती दस्ती टाका बरं. मला सांगा, 'माहीत नाही' याला कोणतं बोट दाबायचं?"

सांडूबानं दस्ती टाकली, पण बोट दाबलं नाही. "त्याला बोट नसतं, साहेब. भाव सांगता येत नसंल तर हात काढून घेतेत."

डॉक्टरांनी दस्तीकडं पाहिलं. "त्या दिवशी मी हात काढून घेतला असता तर?"

"तर मी ऑपरेशनला आलोच नसतो," सांडूबा म्हणाला.

दस्तीखालचा हात लगेच सुटला नाही. शेवटी सखूबाई म्हणाली, "आता सोडा हात, बाहेर लोकं खोळंबलेत," तेव्हा सुटला.

जांबला जाणं हे सांडूबासाठी ऑपरेशनपेक्षा अवघड होतं. शब्द देऊन मागं घ्यायचा होता. मुलाच्या वडलांसमोर ओसरीवर बसून त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं, की सौदा चुकीच्या भावावर झाला. मी पावसाळ्यात जाणार होतो म्हणून घाई केली. आता जात नाही.

मुलाच्या वडलांनी पानाला चुना लावता लावता हात थांबवला. "म्हंजी तुमी मरनार न्हाई, म्हणून लग्न मोडून राह्यले?"

"व्हय."

त्या गृहस्थांनी पान तसंच खाली ठेवलं. सोयरीक मोडायची पुष्कळ कारणं त्यांनी ऐकली होती, हे नवीन होतं. पण माणूस भला. म्हणाले, "बरं, मंग जगा बाबा. चहा तरी घ्या." ते दोघं आजही एकमेकांकडं चहा घेतात.

बेबीनंदा दहावी पास झाली, भूमितीत वर्गात पहिली आली. मग जालन्याला मस्तगडात आत्याकडं, उषाबाईंकडं, राहून शिकली, डी.एड. केलं, आणि आता ती जांबच्याच शाळेत बाई आहे. त्या ट्रॅक्टरवाल्याची दोन पोरं तिच्या वर्गात आहेत. त्यांना ती त्रिकोण, चौकोन काढायला शिकवते. पोरं तिला भितात, बापही जरा भितो. लग्न तिनं तेविसाव्या वर्षी केलं, स्वतः पसंत करून, आणि मांडवात सांडूबा इतका ताठ उभा होता, की त्या दिवशी तो डावीकडे झुकतो हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पानं वाढताना शेजारची पुष्पाबाई म्हणाली, "बघा, याला म्हंत्यात तोल." पुष्पाबाई एरवी कुणाचं चांगलं म्हणत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी टपरीवर सगळे बसले होते. मुंबईची वर्षाची वारी करून सांडूबा नुकताच आला होता, फोटो पुन्हा स्वच्छ. शहाण्णव सालच्या पावसाळ्यालाही सात-आठ पावसाळे उलटून गेले होते. त्रिंबकनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सांडू, सौदा पाचाचा झाल्ता. तू तर दुपटीच्या वर घेऊन बसला. धंद्याच्या रीतीनं जास्तीची वर्षं परत कराया पाहिजेत."

सांडूबानं दस्तीनं मानेमागचं टक्कल पुसलं, आपली बशी खाली ठेवली.

"करतो," तो म्हणाला. "आधी तू त्या पांढऱ्या बैलाचे दात परत कर."